पागा कोणाची?

२६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने अश्वारोहणातील ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्णपदक पटकावले. सुदीप्ती हाजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांच्या संघाने २०९.२०५ गुण मिळवून यजमान चीनला मागे टाकले. स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यावर घोड्याची चाल बांधणे ही वर्षानुवर्षांच्या साधनेची विद्या आहे. त्या साधनेचे मोल कमी लेखण्याचा क्षुद्रपणा कोणी करू नये. परंतु 'एकेचाळीस वर्षांनी सुवर्ण' असा जो जयघोष झाला, त्यात या एकेचाळीस वर्षांत नेमके काय बदलले हा प्रश्न हरवून गेला.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत अश्वारोहणात भारताला तीन सुवर्णपदके मिळाली होती. ड्रेसाज, खडतर मैदानी दौड आणि अडथळ्यांवरील उड्या अशी तिहेरी कसोटी पाहणाऱ्या इव्हेंटिंग प्रकारात वैयक्तिक सुवर्ण जिंकणारा रघुबीर सिंह हा ६१ व्या कॅव्हलरीचा, राजस्थानच्या ग्रामीण भागातून सैन्यात आलेला शिपाईगडी होता. त्याचा घोडा लष्कराचा, चारा लष्कराचा आणि शिक्षणही लष्कराचेच.

मराठ्यांच्या इतिहासात याला अचूक शब्द आहेत. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. शिवाजी महाराजांनी पागेचे बळ वाढविले आणि शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीखाली ठेवले. घोडा ज्याचा, बळ त्याचे, हे त्यांनी ओळखले होते. १९८२ चे सुवर्ण बारगिराचे होते. २०२३ चे शिलेदारांचे आहे. घोडे युरोपातील, तबेले युरोपातील, गुरुजन युरोपातील. आणि हा डोलारा मुख्यतः घरच्या पैशावर उभा. यात त्या तरुणांचा दोष नाही. भारतातील घोडे रोगमुक्ततेच्या आंतरराष्ट्रीय नियमांमुळे परदेशी स्पर्धेत नेणे दुरापास्त होते. मेरठ छावणीतील अश्व-रोगमुक्त केंद्राला जागतिक पशु-आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ती जुलै २०२५ मध्ये. सरकारी पशुवैद्यक यंत्रणेने जे काम दशकानुदशके रखडविले, त्याची किंमत ज्याला मोजता आली तोच खेळाडू ठरला.

यवतमाळ जिल्ह्यातील कळंबच्या कापूस उत्पादकाला यावर सांगण्यात येईल की हौस ज्याची त्याची आणि पैसाही ज्याचा त्याचा. तुझ्या पोटात का दुखावे? घोडे पेंड खाते ते नेमके येथेच. कारण हा खेळ निव्वळ खासगी पैशावर चालत नाही. त्याच्या पाठीशी सार्वजनिक जमीन आहे आणि सार्वजनिक कायदाही आहे.

प्रथम जमीन. शर्यत आणि अश्वारोहण हे दोन भिन्न खेळ खरे. पण मुंबईत दोहोंचे अंगण एकच, महालक्ष्मीचे रेसकोर्स. १९४२ साली स्थापन झालेला अमॅच्युअर रायडर्स क्लब तेथेच नांदतो. राज्य शासन व महानगरपालिका यांच्या मालकीच्या या सुमारे २११ एकर भूमीचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. २०२४ मध्ये त्यातील सुमारे १२० एकर उद्यानासाठी घेऊन उरलेली सुमारे ९१ एकर जमीन पुन्हा तीस वर्षांसाठी टर्फ क्लबच्या हवाली करण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी, २८ फेब्रुवारी रोजी, वर्धा-कळंब रेल्वेमार्गाचे उद्घाटन झाले. त्या लोहमार्गासाठी शेतकऱ्यांची जमीन सार्वजनिक हिताच्या नावाने संपादित झाली. कळंबकडे जनतेच्या कामासाठी शेतकऱ्याने जमीन सोडायची आणि मुंबईत जनतेची जमीन क्लबाने राखायची, हा न्याय कोणता?

आता कायदा. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ ठरविला, आणि त्यांवरील पैजा जुगाराच्या व्याख्येतून सुटल्या. मे २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. विदर्भातील शंकरपट थांबले. पट भरविणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. राज्याने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, तरी सशर्त परवानगी मिळण्यास डिसेंबर २०२१ उजाडला आणि घटनापीठाची अंतिम मान्यता मे २०२३ मध्ये आली. पटात पराणी टोचली जाते, शेपूट पिरगाळले जाते, ही क्रूरता आहे, आणि ती परंपरेच्या नावाखाली झाकणे कष्टकऱ्यांच्या कैवाऱ्यांना शोभणारे नाही. परंतु शर्यतीच्या घोड्यावर उगारलेला चाबूक काय फुलांचा असतो? बैलाची वेदना ओळखणारा कायदा घोड्याच्या पाठीपाशी येताच मवाळ का व्हावा? दया जर मालकाची ऐपत पाहून पाझरत असेल, तर तिला दया म्हणता येणार नाही.

म्हणून घोडा नको, पदक नको, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आत्मघातकी ठरेल. श्रीमंतांच्या हातातील सुंदर वस्तू फोडून टाकणे म्हणजे समता नव्हे. ती सर्वांच्या हाती पोचविणे म्हणजे समता. एन.सी.सी.च्या रिमाउंट व पशुवैद्यक पथकांत सामान्यांच्या मुलामुलींना आजही सरकारी घोड्यावर मांड ठोकता येते. अशी पागा मूठभर शहरांपुरती का असावी? ती यवतमाळसारख्या जिल्ह्यात का येऊ नये? सार्वजनिक जमिनीवरील क्लबांना महापालिकेच्या शाळांतील मुलांसाठी राखीव जागा आणि विनामूल्य शिक्षण यांची अट का घालू नये? शर्यतीचा घोडा आणि पटाची जोडी यांना क्रूरतेचा एकच मापदंड का नसावा? आणि ज्या पशुवैद्यक यंत्रणेने मेरठमध्ये घोड्यांसाठी रोगमुक्ततेची मान्यता मिळविली, तिने कळंबच्या शेतकऱ्याच्या बैलासाठी तितकीच तत्परता का दाखवू नये?

तालुक्या-तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी हे प्रश्न ग्रामसभांत, क्रीडा कार्यालयांत आणि लोकप्रतिनिधींच्या दारात नेले पाहिजेत. पुढचे सुवर्ण आणणारा स्वार कदाचित कळंबच्या एखाद्या कौलारू घरात आज वाढत असेल. त्याच्या अंगी धाडस आहे, जनावराची जाण आहे. नाही ती फक्त पागा. आणि ती उभारणे हे राज्याचे कर्तव्य आहे.