गोठ्याचा वास, साडेसातशे मिलिलीटर

बूच उडालं, फट्‌ असा आवाज झाला आणि टेबलाभोवतीचे आठही जण हसले. मग प्रत्येकाच्या ग्लासात बोटभर बिअर आली. गढूळ, केशरीकडे झुकणारी, वर पांढरा फेस. जागा बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या भागातली, एनो प्रांतातली. जुन्या शेतवाड्याचं कोठार साफ करून तिथे टेबलं मांडलेली, भिंतीला ओकची पिंपं रचलेली. बिअर पिंपात मुरवलेली, फार्महाऊस एल. समोर उभा असलेला यजमान म्हणाला, आधी फक्त वास घ्या.

घेतला, आणि मी थेट परभणी जिल्ह्यातल्या एका गोठ्यात जाऊन पोचलो. कडबा, ओलं घोंगडं, मूत मुरलेली माती.

शेजारच्या बाईंनी डोळे मिटले आणि देवळात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "बार्नयार्ड." पलीकडचा म्हणाला, "हॉर्स ब्लँकेट." म्हणजे घोड्याच्या पाठीवरची घामट घोंगडी. या जगात ही शिवी नाही, शाबासकी आहे. माझ्या बाबांना चौथीत याच वासापायी मागच्या बाकावर बसवलं होतं. तिथे कुणी डोळे मिटले नव्हते, नाकं मिटली होती.

वास येतो तो ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टमुळे. 1904 साली कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेतल्या क्लॉसेन यांनी त्याला हे नाव दिलं. अर्थ, ब्रिटिश बुरशी. ते इंग्लिश बिअरमध्ये सापडलं म्हणून. नेहमीच्या यीस्टला न पचलेली साखर हे सावकाश, महिनोन्‌महिने खात बसतं आणि 4-एथिलफिनॉल सोडतं. तोच हा गोठा. पिंपाच्या लाकडातून कणाकणाने ऑक्सिजन आत झिरपतो, लाकडाच्या रंध्रांत जिवाणू ठाण मांडतात, ते आंबटपणा आणतात. पिंपं बहुतेकदा वाइनची वापरलेली असतात. बोर्दोचं पिंप 225 लिटरचं. पहिल्या घोटाला लिंबाची साल, मग कच्च्या कैरीच्या कोयीजवळचा तुरटपणा, मग कोरडं लाकूड. गोडाचा मागमूस नाही. खोटं कशाला बोलू, बिअर झकास होती. माझं भांडण तिच्याशी नाही.

भांडण आहे ते तिच्यासोबत वाढलेल्या गोष्टीशी. तुम्ही पुण्या-मुंबईच्या एखाद्या क्राफ्ट बिअरच्या बारमध्ये 'सेझों' मागवली असेल, तर ही गोष्ट मेन्यूकार्डावर वाचली असेल. सेझों म्हणजे हंगाम. हिवाळ्यात शेतात काम नसे, तेव्हा शेतकरी बिअर करून ठेवी आणि उन्हाळ्यात कापणीला आलेल्या हंगामी मजुरांना ती पाजी. आमच्या यजमानाने वर आणखी एक जोड दिली: मजुरांवर जीव असल्याशिवाय इतका खटाटोप कोण करेल? टेबलाभोवती उसासे.

माझा आजा सालगडी होता. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो: पाडव्याला साल ठरतं, थोडी उचल मिळते, आणि पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस मालकाचा. थोडे पैसे, थोडी ज्वारी, एक धोतरजोडी, पायताण. झोपायला गोठा. फ्रेंचमध्ये हंगामी मजुराला सेझोनिए म्हणतात. दोन्ही शब्दांत माणसाच्या आधी त्याच्या कामाची मुदत येते.

मळणीच्या रात्री मालकाकडून बाटली यायची. मालक दिलदार होता, असं गावात अजून सांगतात. आजीची गोष्ट वेगळी होती. पाडव्याला हिशेब व्हायचा तेव्हा त्या बाटल्या वहीत निघायच्या. किती, तर मालक म्हणेल तितक्या. आज्याला वाचता येत नव्हतं. एका साली दोन पायल्या ज्वारी कमी आली. त्या दोन पायल्या आजी मरेपर्यंत मोजत राहिली.

पिणं पाजून मजुरी भागवायची ही काही आमच्या गावची खास चलाखी नव्हे. इंग्लंडमध्ये 1887च्या कायद्यात स्पष्ट लिहावं लागलं की शेतमजुराला मजुरीचा भाग म्हणून जेवण देता येईल, राहायला खोपटं देता येईल, नशेचं पेय मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात द्राक्षमळ्यांचे मालक मजुरीतला वाटा वाइनमध्ये द्यायचे. 'डॉप' म्हणत त्याला. बंदी आल्यावरही ती पद्धत कित्येक वर्षं तग धरून राहिली. पोटातच दारूची इजा होऊन जन्मलेल्या मुलांचं प्रमाण तिथे आज जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी एक आहे. त्या वाइनच्या बाटलीवर मालकाच्या प्रेमाची गोष्ट छापायची का?

सेझोंची गोष्ट खरी असेल, तर ती पोटापाण्याच्या व्यवहाराची गोष्ट आहे, प्रेमाची नव्हे. आणि तिच्यातला बराच भाग नंतर रचलेला असेल, तर निदान तसं तरी म्हणा. एकोणिसाव्या शतकात लिएजसारख्या शहरातही सेझों बनत होती. तिथे कुठली आली कापणी? तूर्प गावची सेझों द्युपों, जिच्याकडे बघून जगभरच्या सेझों बनतात, ती साडेसहा टक्क्यांची आहे. ती दिवसभर पिऊन कुणी दुपारी विळा धरून दाखवावा.

यावर माझी एक मैत्रीण म्हणाली, अरे, बिअर पी ना, प्रत्येक घोटात शोषण कशाला शोधतोस. शोधत नाही, बाई. मजुराला बाटलीवर त्यांनीच बोलावलंय. लेबलावर त्याचं चित्र आहे, बाह्या वर केलेला, हसरा. 'फार्महाऊस' या शब्दाचे पैसे वसूल होतात ते त्याच्या घामाच्या वासावर. नॉर्वेत, लिथुएनियात काही घरांमध्ये आजही शेतकरी स्वतःसाठी बिअर करतात. पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं यीस्ट, ओकबिक काही नाही, लवकर पिऊन संपवायची. तिथे करणारा आणि पिणारा एकच, म्हणून तिथे त्या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही.

आणि हंगामी मजूर काही इतिहासजमा झालेला नाही. याच देशात, सिंट-ट्राउडनच्या बाजूला, सफरचंद आणि पेअरच्या बागांत पंजाबातून आलेले शीख वर्षानुवर्षं फळं तोडतायत. रोमानियाहून, बल्गेरियाहून लोक येतात. त्यांच्यातलं त्या टेबलाशी कुणी नव्हतं. 2016 साली युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला वारसा म्हणून मान दिला. द्यावाच. पण वारस कोण कोण, ते विचारायचं नाही का?

मी विचारलं. हात वर करून, शाळेतल्यासारखं. म्हटलं, त्या मजुरांना बिअरशिवाय रोज किती मिळायचा, आणि बिअर त्यातून कापली जायची का?

यजमान भला माणूस होता. क्षणभर थांबला, "फार चांगला प्रश्न आहे," म्हणाला, आणि पुढची बाटली उघडायला वळला. चेरी घालून मुरवलेली होती ती. शेजारच्या बाई माझ्याकडे जरा रागानेच बघत होत्या.

निघताना मी बावीस युरो मोजून पहिलीचीच एक बाटली घेतली. पाडव्याला घरी जाणार आहे. बाबा पीत नाहीत, पण वास घेतील.