ट्रॅक्टर वारंवार बंद पडतोय? बदलण्याआधी डिझेलची वाट तपासा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि ‘जुना देऊन नवा घ्यावा का’ ही चर्चा गावोगावी सुरू झाली. त्याच महिन्यात मराठवाडा आणि सोलापूर भागात अतिवृष्टी व पुराने शेतीचे मोठे नुकसान झाले. पाण्यात, ओलाव्यात उभे राहिलेले ट्रॅक्टर ऐन रब्बीत कुरकुरू लागले. तुमचा ट्रॅक्टर चालता चालता बंद पडत असेल, तर तो बदलण्याचा विचार मनात येणे साहजिक आहे. पण वारंवार बंद पडणे म्हणजे इंजिन संपले असे नाही. जुन्या ट्रॅक्टरमध्ये हा दोष बहुतेक वेळा टाकीपासून डिझेल पंपापर्यंतच्या वाटेत असतो आणि तो शोधायला पाना, स्वच्छ डबा आणि अर्धा दिवस पुरतो.

सवलतीचा हिशोब

कर सोडून ट्रॅक्टरची किंमत ६ लाख रुपये धरा. पूर्वी त्यावर ७२ हजार रुपये कर लागत होता, आता ३० हजार लागतो. म्हणजे ४२ हजार रुपये वाचले. पण ते वाचवण्यासाठी ६ लाख ३० हजार रुपये उभे करावे लागतात. बहुतेकांसाठी याचा अर्थ नवे कर्ज आणि काही वर्षांचे हप्ते. शिवाय ट्रॅक्टरचे टायर, ट्यूब, हायड्रॉलिक पंप आणि यादीतील काही सुटे भाग यांचाही कर ५ टक्क्यांवर आला आहे. सवलत जुना ट्रॅक्टर राखणाऱ्यालाही आहे.

आणखी एक गोष्ट. विकायचाच असेल, तरी दोष काढूनच विका. गिऱ्हाईकासमोर दोनदा बंद पडलेल्या ट्रॅक्टरची किंमत लगेच खाली येते.

वेळेचा हिशोब

खरा तोटा वाफशाच्या दिवसांत होतो. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होते. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते. २०२६-२७ च्या रब्बी विपणन हंगामासाठी गव्हाची आधारभूत किंमत क्विंटलला २,५८५ रुपये आहे. म्हणजे हेक्टरी साडेसहा हजारांच्या आसपास फटका. कोरडवाहू हरभऱ्यात तर ओल उडाली की उगवणच विरळ होते. म्हणून दोष पेरणीच्या दिवशी नव्हे, मशागतीआधी शोधा.

बंद कसा पडतो, ते आधी बघा

मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनला चालायला तीन गोष्टी लागतात: डिझेल, हवा आणि कॉम्प्रेशन. अशा इंजिनात ठिणगी नसते. ते एकदा सुरू झाले की बॅटरीवर अवलंबून नसते. त्यामुळे चालता ट्रॅक्टर बंद पडला म्हणून लगेच बॅटरी बदलू नका. फक्त डिझेल बंद करणारा सोलेनॉइड स्विच असेल, तर त्याची वायर सैल आहे का ते बघा.

- अर्धा-पाऊण तास चालून बंद, थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू: टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र धुळीने बुजले असण्याची शक्यता मोठी. डिझेल खाली जाते, पण वरून हवा येत नाही, आणि टाकीत ओढ तयार होते. बंद पडताच झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर दोष सापडला. टाकीच्या तोंडाशी अडकणारा कचराही असाच त्रास देतो.
- रिकामा चालतो, नांगर लावला की दम तोडतो: डिझेल फिल्टर चोंदलेला किंवा फीड पंप कमजोर.
- आवाज वरखाली होतो, सकाळी एअर काढल्याशिवाय सुरू होत नाही: कुठून तरी हवा शिरते आहे. टाकी ते फीड पंप या भागात ओढ असते, त्यामुळे फट असली तरी चालू इंजिनात डिझेल बाहेर न गळता हवा आत जाते. बाहेरून कोरडे दिसणारे जोडही तपासा. बंजो बोल्टचे तांब्याचे वॉशर, चिरलेले रबरी पाइप आणि सैल क्लिपा आधी बघा.
- काळा धूर सोडत बंद: एअर क्लीनर चोंदला किंवा भार जास्त. ऑइल बाथ एअर क्लीनरमधले तेल आणि गाळ काढून खुणेपर्यंत नवे तेल भरा.
- अडखळतो, पांढरा धूर येतो: डिझेलमध्ये पाणी असू शकते.
- धक्के बसले की बंद: इंजिन बंद करायची दोरी सैल होऊन लिव्हर आपोआप बंदच्या बाजूला सरकते का ते बघा.
- गरम झाल्यावर बंद, थंड होईपर्यंत सुरूच होत नाही: आधीच्या सर्व तपासण्या झाल्यावर मगच डिझेल पंपाच्या झिजेचा संशय घ्या. झिजलेल्या पंपात गरम, पातळ झालेले डिझेल आतल्या आत निसटते. तापलेल्या पंपावर थंड पाणी ओतू नका, आतले भाग जाम होऊ शकतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. इंजिन जड होत, ठोके देत बंद पडले, तापमानाचा काटा वर गेला किंवा ऑइल प्रेशर पडले, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. तो डिझेलचा दोष नाही. रेडिएटरचे पाणी, पंख्याचा पट्टा आणि ऑइल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. रेडिएटरचे झाकणही इंजिन थंड झाल्यावरच उघडा.

डबा लावून निकाल लावा

अंदाजाने एकेक भाग बदलत बसण्यापेक्षा ही एक तपासणी करा. स्वच्छ पाच लिटरच्या डब्यात गाळलेले डिझेल घ्या. डबा फीड पंपापेक्षा उंचावर, सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांधा. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापाशी सोडवून तिथे डब्याचा पारदर्शक पाइप जोडा. एअर काढा आणि ज्या कामात ट्रॅक्टर बंद पडत होता, तेच काम तेवढा वेळ करा.

बंद पडला नाही, तर दोष टाकी, झाकण, कॉक, गाळाची वाटी किंवा तिथल्या पाइपात आहे. टाकी उतरवून धुवा, पाइप आणि वॉशर बदला. काम तिथेच संपते.

तरीही बंद पडला, तर पुढे सरका. दोन्ही फिल्टर बदला, पहिला कापडी आणि दुसरा कागदी. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा बसवू नका. नंतर डिझेल पंपाकडे येणारा पाइप सैल करून हातपंप मारा. बुडबुडे नसलेली सलग धार आली पाहिजे. धार कमजोर असेल, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह आणि जाळी बघा. धार चांगली असूनही इंजिन बंद पडत असेल, तरच डिझेल पंप आणि नोझल तपासायला द्या. हा क्रम मोडून आधी पंप उघडला, की खर्च होतो आणि दोष तिथेच राहतो.

एअर काढण्याची पद्धत

गिअर न्यूट्रल, पीटीओ बंद, ब्रेक लावलेला. आधी फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारा. बुडबुडे थांबले की धार सुरू असतानाच स्क्रू आवळा. मग पंपाचा स्क्रू तसाच करा. शेवटी नोझलकडचे नट एक फेरा सैल करून स्टार्टर मारा, डिझेल आले की आवळा. स्टार्टर एका वेळी १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. नोझलच्या धारेसमोर हात नेऊ नका. त्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते. तसे झाले तर जखम लहान दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

पाणी येते कुठून?

अर्धवट टाकीत रात्रीच्या गारव्याने हवेतला ओलावा घामासारखा साचतो. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणून काम संपल्यावर टाकी भरून ठेवा आणि सकाळी सुरू करण्याआधी तळाच्या बोल्टातून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढून बघा. उघड्या ड्रममधले डिझेल आणि रस्त्याकडेला ‘बायोडिझेल’ म्हणून मिळणारे स्वस्त तेल टाळा. खरे बायोडिझेलही डिझेलपेक्षा जास्त पाणी धरते आणि जुन्या टाकीतला गाळ सोडवून फिल्टर चोंदवते.

पुरात बुडालेला ट्रॅक्टर ‘बघू सुरू होतो का’ म्हणून फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर काढा. ऑइलची पट्टी बघा, ऑइल दुधाळ दिसले तर ते पूर्ण काढा. एअर क्लीनर, टाकी आणि फिल्टर रिकामे करा. नोझल काढून इंजिन हाताने फिरवले, पाणी बाहेर आले आणि फिरणे मोकळे झाले, की मगच पुढचे पाऊल. विमा असेल, तर खोलण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

मग बदलायचा कधी?

ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर धूर ठोक्याने बाहेर येत असेल, ऑइल सतत कमी होत असेल आणि थंड इंजिन सुरू करायला रोज धक्का लागत असेल, तर कॉम्प्रेशन गेले आहे. तेव्हा इंजिनकामाचा अंदाज लेखी घ्या आणि वर्षाचे कामाचे तास मोजा. तास कमी असतील, तर भाड्याचा ट्रॅक्टरही परवडतो. नवा घेताना हेही बघा की १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीपेक्षा जास्त ताकदीच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे प्रदूषणाचे नियम लागू आहेत. त्यातल्या कॉमन रेल इंजिनांचे दोष स्कॅनर लावून शोधावे लागतात. वर दिलेले नट सैल करण्याचे काम तिथे मुळीच करू नये.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांना एक सूचना. रब्बीच्या बैठकीत बियाणे आणि बीजप्रक्रियेबरोबर डब्याची ही तपासणी एका ट्रॅक्टरवर करून दाखवा. शेतकऱ्यांना वहीत तीन नोंदी ठेवायला सांगा: ट्रॅक्टर किती वेळ चालून बंद पडला, तेव्हा भार किती होता, धूर कोणत्या रंगाचा होता. या तीन ओळी घेऊन गेलेल्या शेतकऱ्याचा पंप मेकॅनिक उगाच उघडत नाही.