ध्वनिसंग्रहासाठी सॉफ्टवेअर घेताना: कार्यकारिणीपुढे काही मुद्दे

वाचनालयं, व्याख्यानमाला, संगीत मंडळं यांच्या कपाटांतल्या कॅसेट आणि व्हीएचएस टेप डिजिटल झाल्या किंवा होत आल्या आहेत. त्या लोकांपुढे ठेवायच्या तर ‘कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम’ कोणती घ्यायची, हा विषय त्यामुळे कार्यकारिणीच्या बैठकीत येतोच. निर्णय बहुधा पहिल्या पानाचा देखावा आणि दरपत्रकातला सर्वांत लहान आकडा पाहून होतो. तो तसा होऊ नये, म्हणून हे मुद्दे.

१. मूळ फाइल या सिस्टिममध्ये ठेवायचीच नसते. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘आयासा’ २४ बिट आणि किमान ४८, शक्यतो ९६ किलोहर्ट्‌झ असा दर्जा सुचवते. ९६ ने केलेलं स्टिरिओ ध्वनिमुद्रण तासाला सुमारे २ जीबी जागा घेतं. त्या फाइलच्या दोन-तीन प्रती स्वतंत्र डिस्कवर हव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट फिल्मची रिळं आगीत गेली. एकाच छपराखाली सगळं ठेवण्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे. वेबसाइटवर फक्त हलकी एमपी३ प्रत चढवावी. मग सॉफ्टवेअर बंद पडलं तरी संग्रह जात नाही, प्रदर्शन तेवढं जातं.

२. सॉफ्टवेअरच्या आधी नोंदी. या मुद्द्यावर मी अडून बसणार आहे, कारण पैसे सॉफ्टवेअरला मिळतात आणि नोंदींसाठी ‘कुणीतरी उत्साही कार्यकर्ता’ शोधला जातो. हेमा राईरकर, गी पॉइटवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव आणि विषय टिपला गेला. म्हणूनच पुढे ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळाने २०१७ पासून हा ठेवा प्रसिद्ध करायला घेतला, तेव्हा हाती ओळख असलेल्या बायका आणि त्यांची गावं होती, नुसता आवाजांचा ढीग नव्हता.

आपल्या कपाटात मात्र लेबल असतं: ‘जोशीबुवा, बाजू ब’. कोणते जोशीबुवा, तबल्यावर कोण, कुठल्या वर्षीचा गणेशोत्सव, हे सांगू शकणारी माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही मिळेल. तेव्हा आधी साधा एक्सेलचा तक्ता करा. डब्लिन कोअर या प्रचलित नोंदपद्धतीचे पंधरा मूळ रकाने सुरुवातीला ठीक, पण ध्वनिफितीसाठी पुरेसे नाहीत. मूळ माध्यम, कॅसेटची बाजू, प्रत्येक कलावंताची भूमिका, मुद्रण कुणी केलं आणि हक्क कुणाकडे, हे रकाने जोडावेच लागतात. एका ज्येष्ठ श्रोत्याला आणि एका टंकलेखकाला समोरासमोर बसवा, मानधन दोघांनाही द्या.

३. मराठीत शोधून दाखवा, मग बोला. ‘ॲ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे. ‘ऱ्य’चीही तीच गत. परिणामी ‘ॲडव्होकेट’ शोधलं की अर्धीच भाषणं सापडतात आणि उरलेली नाहीतच असं वाटतं. जुन्या श्री-लिपीतल्या याद्या न बदलता चिकटवल्या तर काहीच सापडत नाही. व्यक्तींच्या नावांची एकच ठरलेली यादी हवी, ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन’ आणि ‘जोशी भीमसेन’ हे तीन गायक होता कामा नयेत. धनादेशावर सही करण्याआधी आपले दहा अवघड शब्द पुरवठादारापुढे टाका.

४. आता नावं. ‘कोहा आहेच की’ असं ग्रंथपाल म्हणतील. कोहा पुस्तकांच्या देवघेवीसाठी उत्तम, हे त्याचं काम नव्हे. शोधगंगा ज्यावर चालतं ते डीस्पेस प्रबंधांसाठी चांगलं आहे, मैफलीसाठी अवघडलेलं. अमेरिकेतल्या इंडियाना आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांनी बनवलेलं ॲव्हलॉन खास ध्वनी-चित्रफितींसाठीच आहे, पण ते सांभाळायला जाणता तंत्रज्ञ लागतो. मुंबईतल्या कॅम्प, मजलिस अशा संस्थांच्या सहभागातून २००८ मध्ये सुरू झालेल्या पॅड.मा या संग्रहामागे पॅन्डोरा आहे. व्हिडिओतल्या नेमक्या क्षणाला टिपण जोडता येतं, हे त्याचं बळ. लांबलचक मुलाखती असतील तर त्याचा विचार जरूर व्हावा. बाकी बहुतेक वाचनालयांना माझ्या मते ओमेका एस पुरेल: मुक्त, साध्या होस्टिंगवर चालणारं, डब्लिन कोअर अंगचंच.

५. ज्याचे हक्क मोकळे आहेत त्याची प्रत यूट्यूबवर ठेवा, श्रोते तिथेच आहेत. त्याला संग्रह मात्र म्हणू नका.

६. कायदा वाचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(एन) अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडे मूळ प्रत असेल तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देतं. ती इंटरनेटवर टाकण्याची परवानगी त्यात नाही, आणि कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क पन्नास वर्षं चालतो. म्हणून नोंद सर्वांना दिसेल पण ध्वनी फक्त वाचनालयात ऐकता येईल, अशी सोय प्रत्येक फाइलपुरती वेगळी करता आली पाहिजे. ‘सगळं खुलं’ किंवा ‘सगळं बंद’ एवढेच पर्याय देणारी सिस्टिम घेऊ नये.

७. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्यावर विसंबलेले व्हिडिओ प्लेअर मुके झाले. आज घेतलेली सिस्टिमही कधीतरी सोडावी लागेलच. डोमेन संस्थेच्या नावावर हवं, पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे, आणि देखभालीचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात. अनुदान आणि वर्गणीतून उभ्या राहिलेल्या नोंदी पुरवठादाराच्या नव्हेत, हे करारात लिहून घ्या. निविदेत आणखी एक अट घाला: शंभर नोंदी भरून त्या सीएसव्ही फाइलमध्ये, मराठी अक्षरं शाबूत ठेवून, आपल्यासमोर बाहेर काढून दाखवाव्यात. जो हे करणार नाही त्याचं दरपत्रक कितीही कमी असो, बाजूला ठेवा.