जंगलाचा हिशेब ग्रामसभेच्या वहीत



शिवारात उंदीर, साळिंदर वाढले की शाहूवाडीत दोन बोलणी ऐकू येतात. गावकरी म्हणत्यात, ही जनावरं वरून आणून सोडली. साहेब म्हणतात, तुम्ही जंगलातली फळं वेचता, म्हणून जनावरं खाली उतरतात. आम्हाला दोन्ही बोलणी अर्धवट वाटतात.

झाडं दरसाल सारखी फळत नाहीत. एका साली जांभूळ लगडतं, दुसऱ्या साली फांदी रिकामी. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि वाळते. बी भरपूर पडलं की उंदीर झपाट्यानं वाढतात. त्यांची मादी तीनेक आठवड्यांत विते. त्यांच्यावर घुबड, साप, वाघाटी पोसतात. खाऊन उरलेलं बी रुजतं, जंगल पुढं चालतं. पण बी संपलं तरी तोंडं तेवढीच राहतात. मग ती भाताकडं, नाचणीकडं वळतात.

मिझोराममध्ये याचा दुष्काळ झाला. तिथला मौताक बांबू सुमारे ४८ वर्षांनी एकदम फुलतो. जुन्या माणसांना हे ठाऊक होतं. तिथल्या जिल्हा कौन्सिलनं १९५८ सालीच आसाम सरकारकडं मदत मागितली, ती नाकारली. १९५९ साली उंदरांनी पीक फस्त केलं. त्या उपाशी पोटाच्या रागातूनच पुढं १९६६ चा उठाव झाला.

आपल्याकडं २००४ साली चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघाची मोजणी होते. बी कधी पडलं, हे कोण लिहितं? जिथं खाणीसाठी सडा खरवडला, जिथं नुसता आकेशिया लावला, तिथं जांभूळ-उंबर खाणाऱ्या जनावरानं काय खावं, हे कोण विचारतं?

२००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर आपली मालकी मानली आहे. त्याच कायद्याचं कलम ५ वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला देतं. धनगरवाड्यांकडून ७५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा मागतात; पण ज्याला झाडाचं साल कळतं, तो काल आलेला नसतो.

म्हणून प्रत्येक ग्रामसभेनं एक वही घालावी. कुठलं झाड फळलं, कुठलं चुकलं, बी कधी गळलं, उंदीर कधी उतरले, कुणाचं किती पीक गेलं, सगळं तारखेनिशी लिहावं, खाली सह्या-अंगठे घ्यावेत. फळ कमी असेल त्या साली वेचणी आवरून जनावराचा वाटा झाडावर ठेवावा, तोही ठराव करून.

जंगल आम्ही राखतो, हे नुसतं घोषणेत नको. कागदावर दिसलं पाहिजे.