यंत्रे आली, परिचारिकेचे काय?

नोव्हेंबर १९७५ मध्ये जयप्रकाश नारायण यांची चंडीगड येथील स्थानबद्धतेतून पॅरोलवर मुक्तता झाली आणि त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणण्यात आले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यास त्यांचे निधन झाले. मधली जवळजवळ चार वर्षे ते डायलिसिसच्या आधाराने जगले. मराठी वाचकांच्या एका पिढीला हा शब्द त्या काळातील बातम्यांमुळेच परिचित झाला. पंतप्रधानांच्या मदतनिधीतून आलेली रक्कम जयप्रकाशांनी परत केली आणि यंत्रासाठी लोकांनी वर्गणी जमवली. चर्चा झाली ती यंत्राची, त्याच्या किमतीची आणि ती रक्कम नाकारण्यामागील स्वाभिमानाची. त्यांच्या हातात दर खेपेस सुया घालणारे आणि चार-चार तास त्यांच्या रक्तदाबावर लक्ष ठेवणारे कोण होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. मार्च १९७९ मध्ये तर जयप्रकाश गेल्याची घोषणा लोकसभेत होऊन श्रद्धांजलीही वाहिली गेली. त्या वेळी ते जसलोकमध्ये जिवंत होते! दिल्लीला जे कळले नव्हते ते खाटेपाशी उभ्या असलेल्या माणसांना अर्थातच ठाऊक होते.

खाटेपाशी उभ्या असलेल्या या माणसाचा विचार आपल्याकडे अजूनही योजनेच्या शेवटच्या ओळीत येतो. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली. मूत्रपिंडे पूर्णतः निकामी झालेल्या सुमारे २ लाख २० हजार नव्या रुग्णांची देशात दरवर्षी भर पडते, त्यामुळे डायलिसिसच्या ३ कोटी ४० लाख जादा फेऱ्यांची गरज निर्माण होते आणि देशातील सुमारे ४,९५० केंद्रांतून गरजेच्या निम्मीच पूर्तता होते, असे त्या भाषणात सांगण्यात आले होते. एका फेरीचा खर्च सुमारे दोन हजार रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाखांहून अधिक, हा हिशेबही त्यात होता. खाजगी भागीदारीतून जिल्हा रुग्णालयांत यंत्रे बसवावयाची आणि गरिबांचा खर्च सरकारने सोसावयाचा, असे ठरले. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी योजनेत, म्हणजे आजच्या महात्मा फुले योजनेतही, डायलिसिसचा समावेश आहे. पूर्वी या आजारात घर आधी विकले जाई आणि माणूस नंतर जाई. त्या स्थितीत या योजनांनी अनेकांना आयुष्याची काही वर्षे मिळवून दिली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तक्रार योजनेबद्दल नाही, तिच्या हिशेबाच्या पद्धतीबद्दल आहे. खाजगी संस्थेला पैसे मिळतात ते दर फेरीमागे. जिल्ह्यात किती यंत्रे आली आणि महिन्यात किती फेऱ्या झाल्या, हे मोजले जाते. नियमावलीत परिचारिकेचा उल्लेख असतो. परंतु तिने काय पाहिले, काय ओळखले आणि काय टाळले, याला कोणत्याही रकान्यात जागा नाही.

डायलिसिस म्हणजे यंत्राने रक्त गाळून घेणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे व ती चुकीची नाही. रुग्णाचे रक्त नळीवाटे बाहेर येते, कृत्रिम पडद्याच्या एका बाजूने वाहते, दुसऱ्या बाजूने क्षारयुक्त द्रव वाहतो आणि मधल्या सूक्ष्म छिद्रांतून शरीरातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी निघून जाते. हा द्रव मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने वाहतो. म्हणजे चार तासांच्या एका फेरीत १२० लिटर. निरोगी मनुष्य जितके पाणी दोन महिन्यांत पितो तितके पाणी एका दुपारी त्या रुग्णाच्या रक्ताच्या पलीकडून वाहून जाते आणि मध्ये असतो केवळ एक पातळ पडदा. हे पाणी अशुद्ध असले तर काय होईल, हे सांगावयास नको. नळीत हवा शिरली, दाब वाढला किंवा पडदा फाटला, तर यंत्र घंटा वाजवते. परंतु अंगातून पाणी वेगाने काढले जात असता रुग्णाचा रक्तदाब उतरू लागतो, त्याची पहिली खूण बहुधा यंत्राला कळत नाही. रुग्ण जांभया देऊ लागतो. बोलता बोलता गप्प होतो. कपाळावर घाम दिसतो, पोटरीत गोळा येतो. जाणती परिचारिका त्या जांभईकडे पाहून उठते, खाटेचे पायथे वर करते, पाणी काढण्याचा वेग थांबवते आणि सलाईन सोडते. तिने उठावयास पाच मिनिटे उशीर केला तर रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. तिने हे वेळेवर केले, तर मात्र काहीच घडत नाही. आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद अहवालात होत नसते.

रुग्णाच्या हाताची गोष्टही अशीच आहे. मनगटाजवळची धमनी शिरेला जोडून रक्ताचा मोठा प्रवाह मिळवण्याची शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. तिला फिस्चुला म्हणतात. ही जोडणी पक्व व्हावयास काही आठवडे लागतात आणि मग तीवर रुग्णाचे उरलेले आयुष्य अवलंबून असते. जोडणीवर बोटे ठेवली की मांजराच्या घुरघुरण्यासारखी थरथर जाणवते. ती थरथर बंद झाली की जोडणीत गुठळी झाल्याची शंका घ्यावी आणि तासाचाही विलंब करू नये. त्या हाताचा रक्तदाब घ्यावयाचा नाही, त्यातून तपासणीसाठी रक्त काढावयाचे नाही, त्यात सलाईन लावावयाचे नाही; रुग्णानेही तो हात उशाखाली घेऊन झोपावयाचे नाही, त्यावर घट्ट बांगडी वा घड्याळ घालावयाचे नाही. एवढे साधे नियम आहेत. तरीही दुसऱ्याच एखाद्या आजारासाठी असा रुग्ण साध्या वॉर्डात दाखल झाला आणि तेथे कोणाला हे ठाऊक नसले, तर एका घाईच्या सुईने वर्षानुवर्षांची ती सोय नष्ट होऊ शकते. मग मानेतील मोठ्या शिरेत नळी घालावी लागते. ती नळी रक्तात जंतू शिरण्याचा राजमार्ग आहे. हात धुणे, मुखपट्टी बांधणे, नळीचे तोंड जंतुनाशकाने पुसून मगच उघडणे, या कामांना कसलेही तेज नाही. काविळीचे बी आणि सी विषाणू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ नयेत म्हणून घ्यावयाची खबरदारीही अशाच कंटाळवाण्या कृतींची बनलेली असते. एकाच वेळी बऱ्याच खाटा सांभाळणारी आणि पुढच्या पाळीचे रुग्ण दाराशी ताटकळत असलेली परिचारिका या कृती शंभर टक्के पार पाडील, अशी अपेक्षा ठेवणे हा भाबडेपणा आहे.

तरीसुद्धा, यंत्राजवळचे हे काम एकंदर कामाचा लहान भाग आहे. आठवड्याचे तास १६८. तीन फेऱ्या पूर्ण झाल्या, तरी रुग्ण यंत्रावर असतो तो १२ तास. आणि आपल्याकडे पैशामुळे, अंतरामुळे, बसच्या वेळांमुळे पुष्कळ जण दोनच फेऱ्यांवर भागवतात. उरलेले १५६ किंवा १६० तास तो घरी असतो. त्या काळात पाणी किती प्यायचे, मीठ किती खायचे, लोणचे-पापड का टाळायचे, भाजी चिरून पाण्यात उकळून ते पाणी का ओतून द्यायचे, हे त्याला आणि त्याहून अधिक त्याच्या घरातील स्वयंपाक करणाऱ्या बाईला कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे. आजाऱ्याला भेटावयास जाताना शहाळे किंवा मोसंबी न्यावी, ही आपली चांगली रीत. परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाला तेच शहाळे घातक ठरू शकते. कारण त्यातील पोटॅशियम शरीराबाहेर पडत नाही आणि रक्तात ते फार वाढले की हृदय बंद पडते. आठवड्याच्या वेळापत्रकात दोन दिवसांचा खंड एकदा येतोच, आणि तोच काळ अधिक धोक्याचा असल्याचे आढळून आले आहे. त्यात एखादे लग्नकार्य आले की धोका वाढतो. डॉक्टरची भेट दोन-पाच मिनिटांची असते. खाटेशी चार तास बसणारी परिचारिकाच हे शिक्षण देऊ शकते. आणि ते एकदा देऊन भागत नाही, दर फेरीला वजनाच्या काट्यावर रुग्ण उभा राहिला की पुन्हा द्यावे लागते. दोन फेऱ्यांत चार किलो वजन वाढवून आलेल्या माणसाला न रागावता ‘काय काय प्यायलात, सांगा बरे’ असे विचारणे ही एक विद्याच आहे.

मूत्रपिंडे निकामी होण्याच्या पुष्कळ आधीही या परिचर्येचा संबंध येतो, आणि तेथे आपल्या समाजाचे एक जुने दुखणे उघडे पडते. शस्त्रक्रियेनंतर, सर्पदंशानंतर, गॅस्ट्रोच्या साथीत, बाळंतपणातील रक्तस्रावानंतर मूत्रपिंडांना धोका पोहोचतो आहे, हे प्रथम लघवीच्या मापावरून कळते. दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे निदान अर्धा मिलिलिटर लघवी झाली पाहिजे. पन्नास किलोच्या माणसाला तासाला पंचवीस मिलिलिटर, म्हणजे पाच चमचे. सहा तास ती याहून कमी राहिली तर धोक्याची सूचना समजावयाची. हे माप मध्यरात्री कोण घेते? आपल्या अनेक रुग्णालयांत ते रुग्णाबरोबर आलेला भाऊ किंवा सासू घेते, पिशवी कक्षसेवक ओततो आणि तक्त्यावर सकाळी अंदाजाने आकडे भरले जातात. मलमूत्राचे काम हलके, ते करणारा हलका, ही जातिव्यवस्थेने शिकवलेली समजूत वॉर्डात शिरताना चपलांबरोबर बाहेर राहत नाही. ज्या पदार्थात निदान दडलेले आहे त्याला हात लावणे कमीपणाचे मानले गेले आणि त्यामुळे परिचारिकेच्या व्यवसायालाही दीर्घकाळ कमीपणा सोसावा लागला. मूत्रमार्गात घातलेल्या नळीचेही तेच. ती जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा संभव वाढतो. पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये, आणि नळी आता काढता येईल काय, हा प्रश्न रोज विचारला गेला पाहिजे. तो विचारावयास परिचारिकेला अधिकार लागतो. आपल्याकडे तिला जबाबदारी आहे, अधिकार नाही.

डायलिसिसचे काम तंत्रज्ञ करतात, मग परिचारिकेचा एवढा आग्रह कशासाठी, असे विचारले जाते. तंत्रज्ञांची आवश्यकता कोणी नाकारत नाही. त्यांच्यातील अनेकांची सुई बसवण्याची हातोटी पाहून डॉक्टरांनीही थक्क व्हावे. परंतु यंत्र जाणणे आणि रुग्ण जाणणे ही दोन वेगळी शिक्षणे आहेत. अमेरिकेत सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये हाताच्या रक्तवाहिन्यांत कायम राहणारी टेफ्लॉनची नळी वापरली आणि जुनाट आजाराच्या रुग्णाला वर्षानुवर्षे जगवता येते हे दाखवून दिले. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स त्यानंतर अकरा वर्षे जगला. तेथील केंद्रात दैनंदिन उपचार चालवण्याचे काम परिचारिकांवर सोपवले गेले होते. १९६९ मध्ये त्या देशात या क्षेत्रातील परिचारिका व तंत्रज्ञ यांची एकत्र संघटना उभी राहिली. त्यांनी भांडण न करता काम वाटून घेतले. आपल्याकडे मात्र ज्याचा पगार कमी तो नेमावा, एवढ्यावरच हा वाद मिटतो.

इंडियन नर्सिंग कौन्सिलने या विषयाचा मूलभूत शिक्षणानंतरचा खास पदविका अभ्यासक्रम आखलेला आहे. तो पूर्ण करून आलेल्या अधिपरिचारिकेला सरकारी रुग्णालयात त्याच विभागात राहू दिले जाईल, याची शाश्वती नसते. पाळीपाळीने विभाग बदलण्याचा नियम सर्वांना सारखा लागतो. दोन वर्षे फिस्चुला ओळखावयास शिकलेले हात मग प्रसूतिकक्षात जातात आणि डायलिसिस विभागात नवी व्यक्ती पहिल्यापासून शिकू लागते. तिचे शिक्षण अर्थातच रुग्णांच्या हातांवर होते. खाजगी क्षेत्राची स्थिती निराळी, पण बरी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान वीस हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. एवढ्या वर्षांनंतरही ही शिफारस कागदावरून खाली उतरवावयास अनेक मालक राजी नाहीत. २०२३ मध्ये संसदेने परिचर्या व प्रसूतिसेवेसाठी नव्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. आयोगाने शिक्षणाचा दर्जा जरूर ठरवावा. पण शिकलेली परिचारिका शिकलेल्या कामावरच टिकते की नाही, हे कोण पाहणार?

याहून मोठी हानी दुसऱ्या एका उपायाबाबत होत आहे. पोटातील पडद्याचाच गाळणीसारखा उपयोग करून घरच्या घरी करावयाचा डायलिसिस राष्ट्रीय कार्यक्रमात २०१९ पासून समाविष्ट आहे. त्याला यंत्र, वीज किंवा आठवड्यातून तीनदा जिल्ह्याच्या गावी जाणारी एसटी लागत नाही. दुर्गम तालुक्यांतील रुग्णाला यासारखी दुसरी सोय नाही. परंतु पोटातील नळीला द्रवाची पिशवी दिवसातून तीन-चार वेळा स्वच्छ हातांनी कशी जोडावी, बाहेर आलेले पाणी गढूळ दिसताच काय करावे, हे घरच्यांना शिकवणारी आणि मधूनमधून घरी जाऊन पाहणारी परिचारिका मात्र त्याला लागते. ती नसल्याने हा उपचार मूठभर रुग्णांपुरता राहिला आहे. यंत्रासाठी निविदा काढता येते, शिकवणाऱ्या माणसासाठी काढता येत नाही, म्हणून यंत्राचा मार्ग सोपा वाटतो.

राज्य सरकारला करता येण्यासारख्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकेचे कायम पद निर्माण करावे आणि तिला निदान पाच वर्षे बदलीतून वगळावे. घरगुती डायलिसिससाठी फिरत्या परिचारिकेची नेमणूक करावी. खाजगी संस्थांशी नवे करार होतील तेव्हा केवळ फेऱ्यांची संख्या न पाहता किती रुग्णांना मानेतील नळीवरच ठेवले, किती जणांना नव्याने काविळीचा संसर्ग झाला आणि प्रत्येक पाळीत किती रुग्णांमागे एक परिचारिका हजर होती, हे आकडे दरमहा रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर लावण्याची अट त्यांत घालावी. यंत्राच्या उद्‌घाटनाची संगमरवरी पाटी जेथे बसवतात, त्याच भिंतीवर या फलकालाही जागा होईल.