दुसरी प्रत कोठे आहे?

दक्षिण कोरियातील डेजॉन शहरी २६ सप्टेंबर २०२५ रोजी रात्री सरकारी माहिती-केंद्रास आग लागली, आणि संगणकाच्या वापरात जगाच्या पुढे असलेल्या एका राष्ट्राचा कारभार काही तासांत खोळंबला. केंद्रातील लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता एका बॅटरीने पेट घेतला. सहाशेहून अधिक सरकारी यंत्रणा बंद पडल्या. टपाल खात्याचे बँकव्यवहार थांबले, आणि तेही वर्षातील मोठा सण तोंडावर आला असताना. बंद पडलेल्या यंत्रणा पुढे टप्प्याटप्प्याने उभ्या करण्यात आल्या. परंतु सरकारी नोकरांची दैनंदिन कागदपत्रे ज्यात साठविली जात, ते ८५८ टेराबाइटांचे भांडार जळून गेले ते गेलेच. त्याची दुसरी प्रत बाहेर कोठेही नव्हती. भांडाराचा आकार फार मोठा असल्याने बाहेर प्रत ठेवता आली नाही, असा खुलासा मागाहून करण्यात आला. ज्याचे धान्य अधिक त्याने कोठाराला कुलूप लावू नये, असे म्हणण्यासारखेच हे झाले!

याहून खेदाची गोष्ट ही की, हा धडा त्या देशाला नवा नव्हता. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी सोलजवळील पांग्यो येथील एका खाजगी केंद्रात अशीच बॅटरीची आग लागून, ज्या काकाओ कंपनीच्या संदेशसेवेवर जवळजवळ सारा देश विसंबून असतो, ती सेवा बंद पडली होती. पर्यायी यंत्रणा पुरेशी का ठेवली नाही, म्हणून सरकारने त्या वेळी कंपनीची कानउघाडणी केली. तीन वर्षांनी सरकारचेच घर पेटले, तेव्हा घरात तीच उणीव आढळली. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो म्हणतात. येथे मागचा नुसताच उपदेशक झाला.

परक्या देशातील या अपघाताची चर्चा आम्ही अग्रलेखात करतो, याचे कारण उघड आहे. 'क्लाउड' या नावाने जी व्यवस्था आज सर्वत्र रूढ झाली आहे, तिच्यावर आपलाही कारभार वेगाने चढत आहे. केंद्र सरकारच्या योजनेचे तर नावच 'मेघराज' आहे. बँकेचे खाते, रुग्णालयातील तपासण्यांचे अहवाल, विद्यापीठाच्या गुणपत्रिका, मालमत्ता-कराच्या पावत्या या साऱ्या नोंदी आता दप्तरात नसून संगणकात आहेत. मेघ म्हटले की काही तरी अधांतरी, अविनाशी असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः हा मेघ म्हणजे कोठल्या तरी शहरातील एक इमारत असते. तिला वीज लागते, थंड हवा लागते, आणि तिला आगही लागते. यंत्रे दुसऱ्याची असली, तरी नोंदींची जबाबदारी ज्याची त्याचीच राहते. हे ओळखून केलेली रचना हीच चांगली रचना होय.

अशा रचनेचा पहिला नियम अंतराचा. मूळ नोंद आणि तिची प्रत यांवर एकच संकट कोसळता कामा नये. मुंबई व नवी मुंबई येथे माहिती-केंद्रांची दाटी झाली आहे. आणि या प्रदेशाने काय काय पाहिले आहे, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबई यांची वीज एकाच वेळी गेली. तेव्हा एक प्रत अंधेरीस व दुसरी ऐरोलीस ठेवून जो निश्चिंत झोपेल, त्याने एकाच पावसावर दोन वेळा पैज लावली आहे, असे म्हणणे भाग आहे. मोठ्या कंपन्यांची केंद्रे आज मुंबईप्रमाणेच पुणे, हैदराबाद, चेन्नई व दिल्ली परिसरातही आहेत. देशाबाहेर न जाता हे अंतर राखणे शक्य आहे.

परंतु केवळ अंतराने भागत नाही. ऑस्ट्रेलियातील 'युनिसुपर' या निवृत्तिवेतन निधीने आपली यंत्रणा गूगलच्या क्लाउडवर दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली होती. गूगलच्याच कर्मचाऱ्यांनी ती उभारताना एक रकाना रिकामा सोडला. त्यामुळे यंत्रणेला नकळत एका वर्षाची मुदत लागली, आणि मे २०२४ मध्ये दोन्ही ठिकाणांवरील यंत्रणा एकदमच पुसली गेली. सहा लाखांहून अधिक सभासद सुमारे आठवडाभर आपली खाती पाहू शकले नाहीत. तरीही त्यांची पुंजी बुडाली नाही, कारण निधीच्या चालकांनी दुसऱ्या एका पुरवठादाराकडेही प्रती ठेवल्या होत्या. दोन कोठारे असली, तरी दोहोंच्या किल्ल्या एकाच जुडग्यात असतील, तर ती एकच कोठार होत. निदान एक प्रत तरी वेगळ्या अधिकाराखाली, सहजासहजी पुसता येणार नाही अशी हवी, हा दुसरा नियम.

तिसरा नियम परावलंबनाचा हिशेब ठेवण्याचा. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथील केंद्रसमूहात, स्वयंचलित यंत्रणेच्या चुकीमुळे पत्त्यांच्या वहीतील एक नोंद कोरी झाली. त्याचे हादरे ब्रिटनमधील लॉइड्स बँकेपर्यंत पोचले. साधे गणित पाहा. शेकडा ९९.९ वेळ चालू राहणारी सेवा वर्षाकाठी पावणेनऊ तास बंद राहू शकते. अशा तीन सेवा एकीमागून एक गुंफल्या आणि त्यांतील एक बंद पडताच सारे थांबत असेल, तर खंड सुमारे २६ तासांवर जातो. उलट, शेकडा ९९ वेळ चालणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा परस्परांना पर्याय म्हणून ठेवल्या, तर वर्षाचा खंड तासाभराच्या आत येतो. मात्र 'स्वतंत्र' या शब्दावर येथे सारी मदार आहे. दोहोंची वीज एक, प्रवेशाची किल्ली एक, पत्त्यांची वही एक असेल, तर हे गणित केवळ कागदावर राहते.

चौथा नियम सर्वांत सोपा व सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रत आहे एवढे पुरेसे नाही. तिच्यावरून कारभार पुन्हा उभा करून पाहिला पाहिजे. २००८ साली माहिती-भांडार बिघडून नेटफ्लिक्स कंपनीला तीन दिवस ग्राहकांकडे डीव्हीडी पाठविता आल्या नाहीत. क्लाउडचा मार्ग धरल्यावर त्या कंपनीने एक विलक्षण आज्ञावली तयार केली. तिचे काम एवढेच, की ऐन कामाच्या वेळी आपलीच यंत्रे मुद्दाम बंद पाडावयाची. अभियंते हजर असताना दोष उघडा पडावा, अपरात्री नव्हे, हा त्यातील हेतू. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आपल्या देशात ही शिस्त रुजण्याची गरज आहे.

या सर्वांस खर्च येतो, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. म्हणूनच सर्व नोंदींना एकच माप लावू नये. जुन्या परिपत्रकांचा संग्रह दोन दिवस मिळाला नाही, तर बिघडत नाही; अतिदक्षता विभागातील रुग्णाची नोंद दोन मिनिटेही अडता कामा नये. किती काळाची नोंद गमावणे परवडेल आणि कारभार किती वेळात पूर्ववत व्हावा, हे दोन आकडे प्रत्येक कामासाठी आधी ठरवावेत आणि त्या बेताने खर्च करावा. यंत्र पूर्ण बंद पडले, तर हाताने काय करावयाचे, हेही लिहून ठेवावे. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-आज्ञावलीतील दोषाने जगभरचे लक्षावधी संगणक निकामी झाले, तेव्हा आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. त्यात हसण्यासारखे काही नव्हते. लेखणी हाताशी होती म्हणून विमाने उडाली.

आमची मागणी मर्यादित आहे. नागरिकांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या प्रत्येक महापालिकेने, विद्यापीठाने, बँकेने व रुग्णालयाने दरवर्षी तीन प्रश्नांची उत्तरे जाहीर करावीत. आमच्या नोंदींची दुसरी प्रत कोणत्या शहरात आहे? ती कोणाच्या ताब्यात आहे? आणि तिच्यावरून कारभार पुन्हा उभा करण्याची तालीम शेवटची केव्हा झाली? सुरक्षिततेची गुपिते आम्हांस नकोत. परंतु ज्या संस्थेला ही तीन उत्तरे देता येत नाहीत, तिने नागरिकाकडून कागदाचा एकही तुकडा ताब्यात घेण्याचा अधिकार गमावला आहे, असे आम्ही मानतो. बैल गेल्यावर झोपा बांधण्याची आपली रीत जुनी आहे. जळालेल्या सातबाराचा उतारा मात्र कोणत्याही चौकशी समितीला परत आणता येणार नाही.