जिंकलेला डाव म्हणजे नफा नव्हे

“सर, पोकर स्किलचा गेम आहे, मग साइड इन्कम म्हणून ऑनलाइन का नको?” असं बरेच जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: नको.

स्किल आहे, मान्य. पण हिशोब बघा. तुमच्या हातात दोन एक्के, समोरच्याकडे दोन राजे, तरी साधारण पाचातला एक डाव तुम्ही हरता. चूक काहीच नाही, पैसे मात्र गेले! नवशिका इथेच फसतो. जिंकला की मोठ्या टेबलावर बसतो, हरला की वसुलीसाठी दुप्पट लावतो.

वर प्लॅटफॉर्म कमिशन कापतो, त्याला ‘रेक’ म्हणतात. म्हणजे खेळणाऱ्यांचा एकूण पैसा कमीच होत जातो. दुकानात गिऱ्हाईकाला माल मिळतो, तुम्हाला मार्जिन, दोघंही खूश.

२००३ मध्ये क्रिस मनीमेकर हा अमेरिकन अकाउंटंट ऑनलाइन स्पर्धेतून लास वेगासला पोचला आणि २५ लाख डॉलर जिंकला. खरी गोष्ट आहे. पण हरलेल्यांच्या गोष्टी कोण सांगतो? आणि आपल्याकडे तर २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदीच घातली आहे.

कसलेल्या खेळाडूकडून एकच गोष्ट उचला: तो सगळं भांडवल एका डावावर लावत नाही. तुम्हीही दिवाळीचा माल भरताना सगळी पुंजी एकाच आयटममध्ये अडकवू नका. एक महिना जोरात गेला म्हणून लगेच दुसरा गाळा घेऊ नका. आधी सहा महिन्यांची वही बघा, मगच पाऊल टाका.